पडणे : दैव की निष्काळजीपणा?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या येवल्यात पैठणी विणणाऱ्या अनेक घरांत जमिनीत खड्डा असतो. विणकर जमिनीलगत बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात मागाच्या पावड्या चालवतात. या खड्ड्याच्या कडेने वावरतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण त्यात कोणी पडले नाही. माझी आजी पडली ती न्हाणीच्या सपाट, ओल्या फरशीवर!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या बोळातला बल्ब काढून मी अभ्यासासाठी माझ्या कोपऱ्यात लावला होता. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून कोणी काही बोलले नाही. पहाटे आजी अंधारात चाचपडत गेली, पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पूर्वी दिवसभर रेशमाच्या कांड्या भरणारी आजी आज काठी टेकीत जेमतेम दारापर्यंत जाते. "नशिबात होते," असे ती म्हणते. मला ते पटत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

माणूस पडतो कसा? डोळे, अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि तळपायांची संवेदना हे तिघे मेंदूला तोलाची खबर देतात व स्नायू शरीर सावरतात. अंधारात डोळ्यांची मदत जाते, ओलीवर पायांची पकड जाते. वयाबरोबर स्नायू दुबळे आणि हाडे ठिसूळ होतात. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही औषधांनी एकदम उठल्यावर भोवळ येते. बहुधा अशी दोन-तीन कारणे एकत्र आली की माणूस पडतो. उपायही यातच आहे; त्यांतील एक कारण दूर केले तरी अपघात टळू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक लागतो.

तरुणांनीही हसू नये. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस येवलेकर गच्चीवर असतात. डोळे आभाळात आणि पाऊल मागे मागे! कठडा नसलेल्या गच्चीवर वा पत्र्यावर पतंग उडवू नये, आणि मागे सरत तर मुळीच नाही.

घरी काय करावे? न्हाणीत खडबडीत फरशी आणि धरायला भक्कम दांडी असावी. सांडलेले पाणी लगेच पुसावे. वाटेत रात्री दिवा ठेवावा. उठल्यावर क्षणभर अंथरुणातच बसावे. डोळे तपासून घ्यावेत व औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. मात्र पडतील या भीतीने वृद्धांना बसवून ठेवू नये. न चालल्याने पाय अधिकच कमजोर होतात.

आमच्या बोळात आता दिवा आहे आणि न्हाणीत दांडीही बसवली आहे. त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो, तेव्हा आजीने काठी बाजूला ठेवून माझ्या हातावर साखर ठेवली. ती साखर मला गोड लागली नाही. वाचकहो, आज रात्री आपल्या घरातील अंधारी वाट कोणती, एवढे तरी पाहा.