मोठा नकाशा, रिकामी वाट

मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी एक फँटसी गेम करायला घेतला. नकाशा अवाढव्य करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं! टेकड्या-झाडं प्रोग्रॅमच पसरवणार, आपल्याला काय कष्ट? झाल्यावर विंगमधल्या सात जणांना खेळायला बसवलं. दहा मिनिटांत सगळे उठले. "दुसऱ्या टेकडीमागेही तेच आहे रे," एक जण म्हणाला.

ही चूक जुनीच आहे. १९९६ सालच्या 'डॅगरफॉल'चं जग साधारण १,६०,००० चौ.कि.मी. धरतात, म्हणजे जालन्यासारखे वीस जिल्हे! गावं, भुयारं मिळून १५,००० ठिकाणं, पण बहुतेक प्रोग्रॅमने साचे जुळवून केलेली. दोन गावांमध्ये बघण्यासारखं काहीच नाही. मग खेळणारा नकाशावर क्लिक करून थेट पोचतो. एवढी जमीन कुणासाठी?

त्याच बेथेस्डा कंपनीचा 'मॉरोविंड' २००२ मध्ये आला. त्यातलं बेट जेमतेम २५ चौ.कि.मी.चं. जालना-अंबड रस्ता आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर, बस्स! पण ते हाताने रचलेलं. एकीकडे दलदल, एकीकडे गवताळ माळ, मध्ये राखेची वादळं आणि ज्वालामुखी. वस्त्याही वेगळ्या, कुठे प्रचंड खेकड्याच्या कवचात, तर कुठे अळंबीच्या मनोऱ्यात. लांब जायला 'सिल्ट स्ट्रायडर' नावाचा भला मोठा किडा असतो. त्याचे थांबे ठरलेले, म्हणजे आपली एसटीच की! तिथून पुढे पायी. पत्ता लोक तोंडी सांगतात, पूल ओलांडा, मग डावीकडे वळा. पारावर सांगतात तसाच, आणि कधीकधी तितकाच गोंधळाचा. वाट चुकली की भलतंच काहीतरी सापडतं, आणि खरी मजा तिथेच आहे. (त्या काळच्या कॉम्प्युटरला लांबचं दाखवणं जड जायचं, म्हणून धुकं ठेवलेलं. त्याने बेट उगाच मोठं वाटतं. हा जुगाड मला फार आवडतो.)

म्हणजे क्षेत्रफळ मोजून उपयोग नाही. चालणाऱ्याला किती वेळाने काही वेगळं दिसतं, ते मोजायला हवं. पण दर दहा पावलांवर गुहा ठेवली तरी कंटाळाच येतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी नजरेत भरते ती भोवतीच्या सपाट शेतांमुळे. थोडी रिकामी जागाही लागतेच.

असो. आम्ही नकाशा कापून सोळावा हिस्सा ठेवला. त्यात एक नदी, एक पडका वाडा आणि पत्ता सांगणारा एक म्हातारा घातला. काल तेच सात जण पुन्हा बसले. दोघं जेवणाची घंटा होईपर्यंत उठले नाहीत. आमचा एक पार्टनर मात्र कापलेल्या नकाशावरून अजून रुसलेला आहे!