गाडी लागली की धूर लागला?

१३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला कळवण भागातल्या वस्त्यांमधून आजही कांदा वाहणारी जुनी पिकअप किंवा ट्रक ठरवला जातो. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, तरी बसतात. डिसेंबरच्या थंडीत मागची ताडपत्री घट्ट बांधली जाते. मग कुणाचे डोके दुखते, कुणाला मळमळते, पोरे पेंगतात. "गाडी लागली," म्हणत लिंबू पुढे केला जातो.

गाडी एखाद-दुसऱ्याला लागते. एकाच गाडीतल्या तिघाचौघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, सुस्ती आली आणि मोकळ्या हवेत उतरल्यावर बरे वाटले, तर आधी धुराचा संशय घ्यावा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गरोदर बाई, पोटातले बाळ, लहान मूल आणि हृदयाचा रुग्ण यांना धोका जास्त. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका: विषबाधा झालेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो, कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही.

डिझेल गाडीत हा वायू पेट्रोलपेक्षा कमी निघतो, हे खरे. पण नोझल खराब झालेली, काळा धूर ओकणारी गाडी आणि बंद ताडपत्री एकत्र आली की तो आधार उरत नाही. शिवाय डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. रोज केबिनमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरसाठी खरा घोर हाच.

"पीयूसी आहे ना!" असे मालक सांगतात. पीयूसीत सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाचा धूर मोजतात. मधेच फुटलेल्या पाइपातून केबिनमध्ये काय शिरते, ते त्या कागदावर येत नाही.

गळती शोधणे अवघड नाही. गाडी उघड्यावर सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन थंड असतानाच चालू करा. एकाने जाड ओला फडका सायलेन्सरच्या तोंडावर काही क्षण धरावा, दुसऱ्याने बाजूला उभे राहून फुसफुस कुठे होते ते ऐकावे. गाडीखाली शिरू नये. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डचे पॅकिंग, लवचीक पाइप आणि सांधे पाहा. काजळीचा काळा फराटा जिथे, गळती तिथेच. एम-सील तिथल्या उष्णतेत टिकत नाही. पॅकिंग नवे बसवा, सडलेला पाइप बदला. वेल्डिंग करायचे तर आधी बॅटरीच्या वायरी काढा. केबिनच्या तळाची भोके आणि गिअरखालचे फाटलेले रबरही पाहा, धूर तिथूनच वर येतो.

काही जण गाडीचा पिकअप वाढावा म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून साधा पाइप जोडतात. तो डबा कार्बन मोनॉक्साइडच जाळतो. असा सल्ला देणारा मिस्त्री बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्री मार्केटबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नये. कुणी शुद्ध हरपले तर आधी इंजिन बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर धुरात होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि ऑक्सिजन लावायला सांगा.