मामांचं सोन्याचं डायव्हर आणि पाच लाखांची रोख

प्रश्न : माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. 1985च्या सुमारास दुबईत घेतलेलं 18 कॅरेट सोन्याचं रोलेक्स सबमरीनर त्यांनी यंदा मला दिलं. बिल नाही, डबाही नाही. आता मलाही या घड्याळांचा नाद लागलाय. मुंबईतला एक व्यापारी असंच दुसरं, जुनं, 14 लाखांना देतो म्हणतो. त्यातले 5 लाख रोख हवेत. घ्यावं का? मामांचं विकलं तर कर किती? सोनं चढतंच आहे, तेव्हा गुंतवणूक म्हणून हे बरं ना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रोखीला आधी नाही म्हणा. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही. जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला. ‘मग तो त्याचा प्रश्न’ असं समजू नका. तुमच्या हातात 9 लाखांचं बिल आणि 14 लाखांचं घड्याळ राहील. उद्या विकताना खरेदी किंमत 9 लाखच धरली जाईल आणि वरच्या 5 लाखांवर नसलेल्या नफ्याचा कर तुम्ही भराल. शिवाय 10 लाखांवरच्या मनगटी घड्याळावर 22 एप्रिल 2025पासून विक्रेत्याने 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच गोळा होणारा कर, घ्यायचा आहे. तो पॅनवर जमा होतो, विवरणपत्रात वळता करून मिळतो. 9 लाखांचं बिल कशासाठी, हे आता लक्षात आलं असेल.

बिलावर माझा एवढा भर का? सीमाशुल्क कायद्याच्या कलम 123 मुळे. एरवी आरोप सिद्ध करणं सरकारचं काम. पण या कलमात सोनं, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळं नाव घेऊन घातली आहेत. चोरटा माल असल्याच्या सयुक्तिक संशयावरून ती जप्त झाली, तर तो माल तसा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच दाखवायचं. कलम 1962च्या कायद्यातलं आहे. त्या काळात कोकण किनाऱ्यावर सोनं आणि घड्याळं दोन्ही चोरून उतरवली जात. तुमचं घड्याळ या दोन्ही खान्यांत बसतं.

म्हणून मामा आहेत तोवर कागद करून घ्या. जंगम वस्तूची भेट हातात देऊन पूर्ण होते, त्यासाठी बक्षीसपत्राची नोंदणी लागत नाही. मामांचं सहीचं पत्र पुरे : कधी, कुठे घेतलं, तुम्हाला कधी दिलं, सीरियल नंबर काय. सोबत त्यांच्या जुन्या पासपोर्टच्या आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तिकेच्या) प्रती, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि घड्याळ हातात असलेला त्या काळचा एखादा फोटो ठेवा. सख्खे मामा कायद्याने ‘नातेवाईक’ आहेत, त्यामुळे भेटीवर तुम्हाला कर नाही.

विक्रीचं जरा किचकट आहे. घड्याळ स्टीलचं असतं तर ती वैयक्तिक वापराची वस्तू. तिच्या भांडवली नफ्यावर कर नाही. दागिने मात्र या सवलतीतून वगळलेले आहेत, आणि सोन्याचे अलंकार म्हणजे दागिने. डायव्हरचं, म्हणजे पाणबुड्याचं, घड्याळ हे उपकरण की अलंकार, यावर वकील दिवसभर भांडतील. माझं मत विचाराल तर नफा दाखवून मोकळे व्हा. भेटीत मामांचा ताबाकाळ तुमच्यात धरला जातो, म्हणजे नफा दीर्घकालीन : 12.5 टक्के, अधिक सेस. खरेदी 1 एप्रिल 2001च्या आधीची असल्याने त्या दिवसाचा बाजारभाव खर्च म्हणून घेता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तो लेखी घ्या.

आता गुंतवणूक. सोन्याचा भाव ही या घड्याळाची किंमत नव्हे. 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं. वजनात काच आणि यंत्रही आलं. नुसतं सोनंच हवं असेल तर गोल्ड ईटीएफ घ्या. पाणबुड्यांसाठी 1953चं सबमरीनर स्टीलचं होतं. सोन्याचं आलं 1969मध्ये, आणि मऊ, जड सोन्याचं ते घड्याळ समुद्रापेक्षा बोर्डरूममध्येच जास्त वावरलं. संग्राहक पैसे मोजतो ते मूळपणाचे. डायलवर 6च्या खाली बारीक अक्षरांत ‘स्विस’च्या शेजारी ‘टी’ दिसेल. ती अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांतल्या ट्रिटियमची खूण. ठिपके पिवळसर झालेत म्हणून नवं डायल बसवू नका. पट्टा जिथे जोडतात त्या शिंगांच्या कडा पॉलिशने गोल झाल्या की किंमत उतरते. सर्व्हिसला देताना ‘पॉलिश नको, बदललेले भाग परत हवेत’ असं लिहूनच द्या. आणि ते घालून तारकर्लीला बुडी मारू नका, पाणी अडवणाऱ्या इतक्या जुन्या गॅस्केटवर भरवसा नाही.

परदेशी जाताना ते हातात असेल तर निघण्यापूर्वी विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना तिथेच घेतलं नाही हे पटवत बसाल.

राहिला मुंबईचा सौदा. पूर्ण 14 लाखांचं बिल, त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, कॅरेट आणि टीसीएस, पैसे बँकेतून. व्यापारी कबूल झाला तर घ्या. तयार नसेल तर दुसरा व्यापारी बघा.