धाब्याचा कठडा
पाठ : अनुवाद २२:८, निर्गम २१:३३, ३४, लूक १३:४, ५

पालेस्तिनी घरांची धाबी सपाट असत. लोक त्यांवर धान्य वाळवीत, उन्हाळ्यात निजत, प्रार्थनेसही चढत. म्हणून नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, न केल्यास पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. पडणाऱ्याने सांभाळून का चालू नये, असे शास्त्र पुसत नाही. ते बांधणाऱ्यास पुसते. निर्गमात तर उघड्या खड्ड्यात पडलेल्या बैलाची व गाढवाचीही भरपाई खड्ड्याच्या धन्याकडून घेतली आहे. मग विहीर खणणाऱ्या मनुष्याचे मोल किती अधिक!

भाताची कापणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यातून पुष्कळ बंधुभगिनी नागपुरास व त्याहून दूर बांधकामावर जातात. त्यांतील कोणी पायाडावरून पडून मेला, तर गावात म्हणतात, "त्याचे दिवस भरले होते." मंडळीतही हे बोलणे ऐकू येते, पण ते ख्रिस्ताचे शिक्षण नव्हे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती असे प्रभूने स्पष्ट सांगितले, आणि जे जिवंत होते त्यांसच पश्चात्तापास बोलाविले.

ता. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यास पावसात एक संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली व निजलेली १५ माणसे मेली. त्यांत लेकरेही होती. ता. १ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात, पुलाच्या तुळया चढविणारे अवजड यंत्र रात्री कोसळून २० जण मेले. भिंतीलगत झोपड्या कोठे घालाव्या, हे त्यांत निजणारे मजूर ठरवीत नसतात.

आपल्या गावीही हाच प्रकार लहान प्रमाणात चालतो. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. छातीपर्यंत दबलेल्यास श्वास घेता येत नाही. यास्तव पुरुषभर खोल खणताना बाजूंस फळ्या व टेकू द्यावे, आणि काढलेली माती काठावर रचू नये. प्रार्थनामंदिराचे छप्पर शाकारताना तर "देवाचे काम, देव सांभाळील" असे म्हणून तरुणांस दोराविना वर चढवितात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असे प्रभूस कोणी सुचविले होते, हे उपदेशकांनी त्या वेळी वाचून दाखवावे (मत्तय ४:५-७).

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वर्षांच्या व मागील वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या मजुराची तेथे नोंदणी होते. नोंदलेला मजूर कामावर मेल्यास वारसास ५ लक्ष रुपये देण्याची योजना आहे. नोंदणी नसल्यास विधवेने मागावे कोठे? ९० दिवसांचा दाखला मुकादमाकडून किंवा ग्रामसेवकाकडून मिळविणे अशिक्षितास कठीण जाते. उपदेशकाने एक दिवस त्याच्यासोबत कचेरीत जावे, आणि तेही लोक गाव सोडण्यापूर्वी.