जुन्या सर्व्हरची परवानगी

मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर येऊन महिन्याभरात परत गेलेल्यांना आळशी म्हणायची एक पद्धत पडली आहे. त्यांना शिकायचंच नसतं, त्यांना अल्गोरिदमची चटक लागलेली असते, वगैरे. हे मी फार ऐकून घेतलं. आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या गटातली माणसं भल्या पहाटे उठून चिखल तुडवत पाखरांच्या नोंदी ठेवणारी. आळशी तर ती नक्कीच नाहीत. ती तिथे का टिकली नाहीत, ते मी जवळून पाहिलं आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्क यांनी ट्विटर घेतलं. त्यानंतरच्या लोंढ्यात मॅस्टोडॉनचे महिन्याचे वापरकर्ते पंचवीस लाखांपर्यंत गेले आणि दोन-तीन महिन्यांत त्यातले लाखो परतले. भारतात हे आधीही झालं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हाही मोठी लाट तिकडे गेली आणि ओसरली. दोन्ही वेळा दोष वापरणाऱ्यांच्याच माथी.

त्या वेळी मॅस्टोडॉनवर पहिल्याच पायरीवर विचारायचे, सर्व्हर कोणता? तिथे कुणाची ओळख नाही, पाळख नाही, आणि ठरवायचं काय, तर कोण चालवतो, नियम काय, कुणाशी त्याचं जुळत नाही! एका सर्व्हरवरच्या चार टवाळखोरांपायी दुसरा सर्व्हर तो अख्खाच्या अख्खा तोडू शकतो, हे आत गेल्यावर कळतं. जुने लोक म्हणतात, ‘ईमेलसारखंच आहे हो.’ नाही. ईमेल घेताना शेजारी कोण राहतो याची चौकशी करावी लागत नाही.

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका चिपळूणजवळ राहतात. पावसाच्या तोंडावर त्यांना परसात नवरंग दिसला. इतका सुंदर फोटो टाकला त्यांनी, की माझ्याकडे त्याखाली उत्तरांची रांग लागलेली दिसत होती. त्यांचा फोन आला, ‘अगं, कुणी काहीच बोललं नाही गं. चुकीचं टाकलं का मी?’ त्या आपल्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यातून त्याच धाग्याकडे बघत होत्या आणि तिथवर ती उत्तरं पोचलीच नव्हती. ही त्या काळातल्या रचनेचीच अडचण होती. मी एका जाणकाराला विचारलं, तर म्हणाला, ‘मूळ सर्व्हरवर जाऊन बघायचं ना, त्यात काय?’ आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाईंना हे ऐकवायचं! त्यांनी पुन्हा फोटो टाकला नाही.

आता माझं. आमचा सर्व्हर एका हौशी माणसाचा होता. बॅकअप आहे का, पुढे काय, हे मी सुरुवातीलाच विचारलं होतं. ‘काळजी नको’ एवढंच उत्तर आलं. आम्ही वर्गणी दिली, तिच्या पावत्या माझ्याकडे आहेत. एका सकाळी पान उघडेना. मला वाटलं, नेट गेलं असेल. दुपारी कळलं की सर्व्हर बंद केला आहे. मग मी दुसरीकडे खातं काढलं आणि स्थलांतराचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की, स्थलांतर जुन्या खात्यात जाऊन सुरू करायचं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. जुनं खातं बंद पडलेल्या सर्व्हरवर. म्हणजे जो मेलाय त्याचीच परवानगी आणायची! ‘तुमचं खातं तुमचं, हवं तिथे न्या’ असं ज्या गोष्टीबद्दल सांगितलं गेलं, ती नेमकी गरजेच्या वेळी चालत नव्हती. फॉलोअर गेले, कोकणातल्या नोंदींचे धागे गेले. आणि सर्व्हरवाल्यांचा निरोप काय? ‘मी फावल्या वेळात करत होतो, तुम्हाला फुकटच तर मिळत होतं.’ पावत्या पाठवल्या, त्यावर उत्तर नाही.

तेव्हा जाणार असाल तर जा, मी अडवत नाही. पण मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतलाच सर्व्हर घ्या. त्या यादीत येण्यासाठी चालकाला लिहून द्यावं लागतं की रोज बॅकअप घेईन, माझ्याशिवाय आणखी एकाच्या हाती तरी चाव्या असतील आणि बंद करण्याआधी किमान तीन महिने सांगेन. आमचा सर्व्हर त्या यादीत नव्हता आणि यादी असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला सेटिंगमधून फॉलो केलेल्यांची यादी उतरवून ठेवा. पोस्टचं संग्रहण उतरवता येतं, पण नव्या खात्यात चढवता येत नाही. ते फक्त तुमच्या कपाटात राहणार. खाजगी संदेशात घराचा पत्ता, घरट्याची जागा लिहू नका. ते संदेश कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. 

गट हलवायचा असेल तर सगळे एकाच सर्व्हरवर न्या. विकेंद्रीकरणाचे भक्त नाक मुरडतील, मुरडू द्या. माणसं माणसांसाठी येतात. जुलै २०२३ मध्ये थ्रेड्स आलं, तेव्हा पाच दिवसांत दहा कोटी लोक जमले, कारण इन्स्टाग्रामची ओळखपाळख आयती सोबत आली. ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुलं झालं. तिथे खातं काढताना सर्व्हर निवडत बसावं लागत नाही. न निवडणारा थेट कंपनीच्याच सर्व्हरवर जातो. स्वतःचं डोमेन असेल तर तेच नाव म्हणून लावता येतं, हे मात्र मला खरंच आवडलं.

खातं काढण्याआधी सर्व्हर चालवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. तुम्ही आजारी पडलात तर कोण बघणार? बंद करायची वेळ आली तर आम्हाला किती आधी कळवाल? ‘काळजी नको’ असं उत्तर आलं तर तिथे खातं काढू नका.