विळे-कोयत्यांचे प्रदर्शन कसे भरवावे?

विळा, कोयता, खुरपे व कुऱ्हाड ही अवजारे किमतीने लहान; परंतु सुगीच्या दिवसांत किती श्रम पडतील व किती वेळ लागेल, हे त्यांच्या धारेवरच ठरते. हल्ली बाजारात पातळ पत्र्याचे स्वस्त विळे विपुल मिळतात. आणि मालमोटारीच्या जुन्या पाट्यापासून टिकाऊ पाते घडविणारा गावचा लोहार गिऱ्हाइकाअभावी भाता बंद करतो. कारागीर व गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणे, हाच अशा प्रदर्शनाचा हेतू होय.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने असे एक प्रदर्शन ऐन पेरणीच्या दिवसांत भरविले. मंडप व भाषणे यथास्थित झाली. परंतु कारागीर चारच आले. पाती मेजावर मांडून त्यांपुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी मीच ठेविली होती. ती वाचून घेऊन एका वृद्ध शेतकरीण बाईंनी विचारले, “हात न लावता इळा कसा घ्यायचा, साहेब?” या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. पुढील सूचना त्या अनुभवातून आल्या आहेत.

१. वेळ व जागा : काढणीपूर्वी तीन-चार आठवडे, आठवडी बाजाराचा दिवस निवडावा. रब्बी ज्वारीच्या भागात जानेवारी व ऊसपट्ट्यात गळीत हंगामापूर्वीचा काळ सोयीचा होय. जागा बाजाराच्या वाटेवर, सावलीची असावी.

२. कारागिरांना निमंत्रण : केवळ पत्र धाडू नये, दीड महिना आधी भट्टीवर जाऊन भेटावे. माल न खपल्यास दिवसाची मजुरी बुडेल, ही त्यांची भीती रास्त आहे. म्हणून जागेचे भाडे घेऊ नये, आणि शेतकरी गटांकडून काही मागणी आगाऊ नोंदवून घ्यावी. जागा चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. प्रत्येकाने पात्यावर आपला ठसा उमटवावा, म्हणजे नावलौकिक व तक्रार दोन्ही योग्य ठिकाणी पोहोचतात.

३. पारख : प्रदर्शनाचा प्राण येथेच आहे. पाट्याच्या पोलादात कर्बाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का वा थोडे अधिक असते. म्हणून तापवून पाणी दिल्यावर ते कठीण होते. साध्या मऊ लोखंडात कर्ब फार कमी असल्याने त्यास तसा कठीणपणा येत नाही. मात्र नुसते पाणी दिलेले पाते ठिसूळ राहते; ते पुन्हा मंद तापवून पिवळसर-तपकिरी रंगावर आणावे लागते. एका भट्टीवर ही कृती लोकांसमक्ष करून दाखवावी. प्रत्येक कारागिराच्या एका विळ्याने कडब्याची सारखीच ताटे कापावीत व नंतर धार उजेडात धरावी. धारेवर चकाकणारी रेघ दिसल्यास ती बोथटली. तुकडा उडाल्यास पाते ठिसूळ. धार वळल्यास ते मऊ समजावे. ही परीक्षा स्त्रियांकडूनही करवावी. कापणी-खुरपणीचे बरेचसे काम त्या करतात, पण अवजार मात्र बहुधा पुरुषच विकत आणतात. मूठ जाड वा विळा जड असल्यास त्याचा त्रास वापरणाऱ्या हातालाच होतो. डावखुऱ्यांसाठी व लहान हातांसाठी वेगळ्या मापाची मागणी इसार घेऊन तेथेच नोंदवावी.

४. कायदा व सुरक्षितता : केवळ शेती वा घरकामासाठी घडविलेल्या वस्तू १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्रांच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून तलवार, खंजीर यांसारख्या वस्तू मांडू देऊ नयेत आणि पोलीस ठाण्यास आगाऊ लेखी कळवावे. मुलांना विक्री करू नये. विकलेले पाते गोणपाटात गुंडाळून द्यावे व प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवावी.

५. नंतरचे काम : कारागिरांची नावे, गावे व दर यांची यादी ग्रामपंचायतीत लावावी. हंगाम संपल्यावर, कोणाची पाती टिकली व किती जण अवजार शेवटून घेण्यास त्याच लोहाराकडे पुन्हा गेले, याची नोंद घ्यावी. प्रदर्शन यशस्वी झाले की नाही, हे मंडपातील गर्दीवरून नव्हे, तर या नोंदीवरून ठरवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम दहा-बारा कारागीर घेऊनच आरंभ करावा; आणि ‘हात लावू नये’ ही पाटी मात्र घरीच ठेवावी.