धावण्यासाठी हवे मैदान

परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यातील तरुणांचा पोलीस भरतीकडे ओढा आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६००, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गावात मैदान नसल्यास हा सराव पहाटेच्या अंधारात, वाहनांच्या रस्त्यावर होतो. मुलींना तेवढी मुभाही क्वचितच मिळते!

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील ग्रामसूचीत आखाडे व खेळाच्या जागा समाविष्ट आहेत. तथापि, गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो आणि तिचे सभासदत्व मतदारांनाच असते. भरतीची तयारी मात्र अठराव्या वर्षाआधीच सुरू होते. म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेपूर्वी सरपंचांनी शाळेत जाऊन या मुलामुलींचे म्हणणे ऐकावयास हवे.